पोस्टी मोजू नकोस

अगं, तासिका तत्त्वावर का होईना, कॉलेजात लागलीस हे उत्तम झालं. आणि लागल्या लागल्या विभागप्रमुखांनी इंटर्नलमधले ‘ऑनलाइन चर्चेतला सहभाग’ नावाचे १० मार्क तुझ्या गळ्यात अडकवले, याचं मला नवल नाही. हे लोढणं नव्या माणसाच्याच वाट्याला येतं. पेपर तपासणं कंटाळवाणं असलं तरी सोपं असतं. मुलांचं बोलणं तपासायचं म्हटलं की जुनेजाणतेही हळूच अंग काढून घेतात.

फोनवर तू विचारलंस, "आत्या, हे मार्क नक्की कशाचे द्यायचे?" तिथे उत्तर दिलं असतं तर तू दोन वाक्यं लक्षात ठेवली असतीस आणि बाकीची विसरली असतीस. म्हणून लिहून पाठवते. अर्थशास्त्र शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली आणि शेवटची काही वर्षं पडद्यावर शिकवण्यात. हे त्यातलंच.

आधी एक लक्षात घे. मार्क जिथे असतात तिथे मुलं जातात. यात त्यांचा दोष नाही. आपणही तेच केलं होतं. किती वेळा लिहिलं याला मार्क ठेवलेस तर मुलं वीस वेळा लिहितील. लांबीला ठेवलेस तर गाइडातला उतारा जसाच्या तसा येऊन पडेल. सगळ्यांत आधी लिहिणाऱ्याला शाबासकी दिलीस तर प्रश्न टाकल्यावर दहाव्या मिनिटाला काहीतरी खरडलेलं सापडेल. म्हणून मार्क ठरवण्याआधी तुला काय घडायला हवंय ते ठरव. माझं मत विचारशील तर, धडा किती पाठ आहे हे चाचणीत कळतं, नीट मांडता येतं का हे असाइनमेंटमध्ये कळतं. चर्चेत एकच गोष्ट कळते, आणि ती दुसरीकडे कुठेच कळत नाही: एका मुलाने दुसऱ्याचं म्हणणं वाचलं का, आणि वाचून त्याचं काही केलं का. मार्क त्याचे दे.

तुमच्याकडे मूडल आहे म्हणालीस. मार्टिन डूगियामस या ऑस्ट्रेलियन माणसाने हे ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर २००२ साली आणलं. ते फुकट मिळतं, म्हणून आपल्याकडच्या कॉलेजांनाही परवडतं. त्यातल्या चर्चेच्या सेटिंगमध्ये मार्क कसे धरायचे याचे पर्याय असतात: सरासरी, संख्या, कमाल, किमान, बेरीज. ‘संख्या’ आणि ‘बेरीज’ या दोघांच्या नादी लागू नकोस. संख्या निवडलीस की तू लग्नात आहेर लिहून घेणाऱ्या माणसासारखी झालीस. पाकिटं किती आली ते वहीत चढतं, आत काय आहे ते नाही. बेरजेत तेच, फक्त जरा सभ्य वेषात. कमाल घे, किंवा मूडलला काही मोजूच देऊ नकोस आणि आपली वही ठेव. मी वहीच ठेवत असे.

आता प्रश्न. चर्चा मेली तर दहातल्या नऊ वेळा प्रश्नानेच मारलेली असते. "रोजगार हमी योजनेची उद्दिष्टे सांगा" हा परीक्षेचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर पहिल्या मुलाने लिहिलं की संपलं. ऐंशीच्या वर्गातल्या उरलेल्या एकोणऐंशी जणांनी काय करायचं? तेच शब्द मागेपुढे करायचे. आता तोच विषय असा विचार: "तुमच्या गावात किंवा आजोळी १९७२ च्या दुष्काळातल्या कामांतून किंवा पुढे रोजगार हमीतून झालेलं एखादं काम आहे का? रस्ता, पाझर तलाव, नालाबांध, काहीही. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. ते काम आज कुठल्या अवस्थेत आहे? आणि त्यावरून, मजुरीवर गेलेला पैसा कारणी लागला असं म्हणाल का?" बघ काय होतं. कुणाची आजी खडी फोडायला गेलेली असते, कुणाच्या घरी दुष्काळात खाल्लेल्या सुकडीची आणि लाल मिलोची आठवण निघते, मुंबईत वाढलेला एखादा मुलगा लिहितो की आमचे आजोबा त्याच दुष्काळात गाव सोडून गिरणीत आले. योजनेचे जनक वि. स. पागे, १९७७ चा कायदा, योजनेसाठी लावलेला व्यवसाय कर, २००५ चा केंद्राचा कायदा, हे सगळं तू वर्गात शिकवलेलं असतंच. पण चर्चेत ते मुलांच्या हातात अवजार म्हणून यायला हवं.

त्या प्रश्नाची शेवटची ओळ पुन्हा वाच. तिथे मुलांना काहीतरी ठरवायचं आहे. ती ओळ गाळलीस तर सुंदर आठवणी गोळा होतील आणि चर्चा तिथेच बसेल. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातले गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी २००० च्या सुमारास अशा लेखी चर्चांचा अभ्यास करून चार पायऱ्या मांडल्या: प्रश्न पडणं, चाचपडणं, वेगवेगळ्या मतांची जोडणी करणं आणि निष्कर्षावर येणं. त्यांच्या मागून अनेकांनी हे तपासलं, आणि पुन्हा पुन्हा हेच दिसलं की बहुतेक चर्चा दुसऱ्या पायरीवर रेंगाळतात. जो तो आपलं मत ठेवून जातो. पुढे ढकलायचं काम प्रश्नानेच करावं लागतं.

मार्कांची पट्टी साधी ठेव. तुमच्या ऑफिसातून चार रकाने आणि पाच ओळींचं रुब्रिक आलं असेल. ते फाइलला लाव, पण तपासताना डोक्यात शून्य ते तीनच ठेव. प्रत्येकाचा नमुना मुलांना आधीच दाखव. नमुने तूच रच, खऱ्या मुलाची पोस्ट वर्गासमोर धरू नकोस.

"मी वरील मताशी पूर्णपणे सहमत आहे. खूप छान माहिती दिलीत." याला शून्य. तुला जड जाईल, पण शून्यच. आभार मानायला मूडलवर यायची गरज नाही.

"रोजगार हमी योजनेमुळे ग्रामीण भागात रोजगार मिळाला व स्थलांतर कमी झाले." याला एक. खोटं नाही, पण ते कुणीही कुठेही लिहू शकतं.

"आमच्या गावचा पाझर तलाव दुष्काळी कामातला. आजी तिथे कामाला होती. आता तो गाळाने भरलाय, उन्हाळ्यात मुलं तिथे क्रिकेट खेळतात. म्हणजे तेव्हा पोट भरलं, पण तलाव काही टिकला नाही." याला दोन. स्वतःचं काही आणलं आणि त्यावरून काहीतरी म्हटलं.

"तलाव गाळाने भरला असं वर लिहिलंय. आमच्याकडचा त्याच काळातला तलाव अजून पाणी धरतो, कारण ग्रामपंचायतीने गाळ काढून शेतात टाकू दिला. मग दोष योजनेचा की नंतर कुणी लक्ष दिलं नाही त्याचा? मी आधी पैसा वाया गेला असं लिहिलं होतं, आता मला तसं वाटत नाही." याला तीन. दुसऱ्याचं वाचलं, आपलं शेजारी ठेवलं, फरक का पडला ते शोधलं, आणि स्वतःचं मत हलवलं. मत हलवलंच पाहिजे असं नाही. "तरीही मला असं वाटतं, कारण" म्हणून ठामपणे उभा राहिलेला मुलगाही तीनच घेतो. पण "कारण" हवं.

पहिला आठवडा बिनमार्कांचा ठेव. एक हलका विषय दे आणि हे चार नमुने देऊन मुलांनाच मार्क द्यायला सांग. ‘सहमत आहे’वाल्याला बरीच मुलं दोन मार्क देतील, कारण शाळेपासून त्यांना तेच नम्रपणाचं लक्षण म्हणून शिकवलेलं असतं. त्यावर त्यांच्याशी अर्धा तास वाद घाल. हा अर्धा तास वाया जात नाही; पुढच्या तीन महिन्यांतल्या तक्रारी त्यात मिटतात.

मुदती दोन ठेव, एक नको. रविवारी रात्री बाराची एकच मुदत दिलीस की सगळी फौज रविवारी रात्री साडेदहाला येते, आणि मग कोण कुणाला उत्तर देणार? स्वतःचं म्हणणं बुधवारपर्यंत, दुसऱ्याला उत्तर रविवारपर्यंत, असं सांग. मूडलमध्ये ‘प्रश्नोत्तर’ पद्धतीचीही चर्चा असते. तिच्यात स्वतः लिहिल्याशिवाय दुसऱ्यांचं दिसत नाही. लिहिल्यावरही दुरुस्तीची मुदत, म्हणजे बहुतेक ठिकाणी अर्धा तास, उलटावी लागते. नक्कलमाऱ्यांना आवरायला ती चांगली आहे. पण ज्याला काहीच सुचत नाही असा घाबरट मुलगा तिथे अडकतो; त्याला दुसऱ्याचं वाचूनच सुचणार असतं. एखाद्या प्रश्नाला वापर, दर वेळी नको.

ऐंशी जणांची एक चर्चा म्हणजे बाजार. आठ-दहा जणांचे गट पाड, आणि पाडताना एकाच गावचे, एकाच हॉस्टेलचे एकत्र येऊ देऊ नकोस. प्रत्येक आठवड्याला गटातल्या एकाकडे सुरुवात दे, एकाकडे हरकत घेण्याचं काम दे आणि एकाकडे रविवारी सगळ्याचं टिपण लिहिण्याचं. ही कामं फिरती ठेव. न बोलणाऱ्या मुलांसाठी टिपणाचं काम फार गुणाचं. स्वतःचं मत पुढे करायला जी मुलगी लाजते, ती "अमुक गटमित्राने हे म्हटलं, त्यावर तमुक हरकत आली, आणि हा मुद्दा कुणी पुढे नेला नाही" असं नेमकं लिहून जाते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तीच हरकत घ्यायला पुढे येते. सगळ्याच येतात असं नाही, पण येतात.

तू स्वतः मात्र गप्प राहायला शिक. हे सगळ्यांत अवघड. प्रत्येक पोस्टखाली मॅडमचं ‘छान’ पडलं की मुलं एकमेकांशी बोलणं सोडतात आणि तुझ्याशी बोलू लागतात. दोन दिवस जाऊ दे. तिसऱ्या दिवशी एकदाच ये, दोघांच्या म्हणण्यातली विसंगती दाखव आणि निघून जा: "वर एकाने तलाव टिकला असं लिहिलंय, एकीने नाही. दोन्ही तलाव एकाच पावसाच्या प्रदेशात आहेत का?" चूक सापडली तर चारचौघांत लिहू नकोस. खासगी निरोप पाठव आणि दुरुस्त करायला वेळ दे. धादांत खोटी माहिती असेल तर मात्र तिथल्या तिथे खोड, कारण बाकीचे तिच्यावर इमले बांधतात.

पडद्यावर तास चालू असताना जी चर्चा होते तिला, खरं सांगायचं तर, मार्क देऊच नयेत. कोण किती वेळा बोललं हे नेटवर्क ठरवतं. कॅमेरा चालू ठेवण्याला मार्क देणारे लोक मी पाहिलेत. एका खोलीत पाच माणसं राहतात, मागे स्वयंपाक चाललाय, अशा घरातल्या मुलीने कॅमेरा का सुरू करावा? आपल्याला वर्ग भरल्यासारखा दिसावा म्हणून? तोंडी चर्चेत फक्त एक पथ्य पाळ: प्रश्न विचारल्यावर थांब. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गातली ध्वनिमुद्रणं तपासली. शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात, असं तिला दिसलं. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. ते तर समोरासमोरचे वर्ग होते. इथे आवाज चालू करायलाच मुलाला तेवढा वेळ लागतो. मनात दहा आकडे मोज आणि त्या दहा आकड्यांत ‘हॅलो, ऐकू येतंय ना?’ म्हणू नकोस.

ज्यांना लिहायलाच जमत नाही त्यांचा विचार मुदतीच्या आधी कर, नंतर नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत इंटरनेटची सोय असलेली घरं देशात जेमतेम २४ टक्के होती; शहरांत ४२, खेड्यांत १५. तेव्हापासून मोबाइल खूप वाढले हे खरं, पण एका घरात फोन एक आणि भावंडं तीन हे चित्र अजून आहे. आणि त्या तिघांत बहिणीचा नंबर शेवटचा लागतो, हेही. म्हणून सत्राच्या पाच-सहा चर्चांपैकी चांगल्या तीनच धरायच्या, असं पहिल्याच दिवशी जाहीर कर. मग रिचार्ज संपला, बस चुकली, घरात लग्न होतं, यांतलं खरं कुठलं आणि बहाणा कुठला याचा निवाडा तुला करत बसावा लागत नाही. कुणाला अजिबातच जमत नसेल तर एका कागदावर लिहून आण म्हण आणि त्याचा फोटो तूच गटात चढव.

सोपं पडतं म्हणून व्हॉट्सॲपवर मार्कांची चर्चा चालवायचा मोह होईल. करू नकोस. साध्या ग्रुपवर प्रत्येक मुलीचा नंबर सगळ्यांच्या हाती जातो, आणि रात्री अकरा वाजता ‘हाय’ यायला लागलं तर ती तुला सांगणारसुद्धा नाही; गुपचूप ग्रुप सोडेल आणि मार्क घालवेल. शिवाय तिथे तीनशे गुड मॉर्निंगमधून पोस्टी वेचणं, ते तुझं तू बघ. सूचना व्हॉट्सॲपवर, चर्चा दुसरीकडे.

भाषेचे मार्क कापू नकोस. मुलं इंग्रजी लिपीत मराठी लिहितील, वऱ्हाडीत लिहितील, अहिराणीत लिहितील, ऱ्हस्व-दीर्घाचा खून करतील. आपल्याला अर्थशास्त्र तपासायचंय. देवनागरी कळफलक कसा घ्यायचा, फोनवर मराठीत बोलून कसं टाइप करायचं हे एकदा दाखव; अर्ध्याहून अधिक मुलांना ते माहीत नसतं आणि दाखवल्यावर त्यांच्या पोस्टी एकदम मोकळ्या होतात. मराठी विभागातल्या माझ्या मैत्रिणीचं याबाबत माझ्याशी कायम वाजायचं. तिच्या विषयात तिचं बरोबर असेल.

आता तपासायची रीत. १९२० साली थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की लष्करी अधिकारी आपल्या हाताखालच्या माणसांना बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व, स्वभाव अशा वेगवेगळ्या गोष्टींचे गुण देतात, पण एका बाबतीत माणूस आवडला की सगळ्याच बाबतींत त्याला वर ठेवतात. आपण काही वेगळे नाही. पहिल्या बाकावरची हुशार मुलगी दोन ओळी लिहिते आणि आपल्याला त्यात खोली दिसते. म्हणून एका मुलाच्या सगळ्या पोस्टी एकदम वाचू नकोस. एका प्रश्नावरच्या सगळ्या मुलांच्या वाच. दर वेळी हजेरीपटाची सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून कर, कारण पहिल्या दहा जणांना आपण ताज्या डोक्याने तपासतो आणि शेवटच्या दहा जणांना जांभया देत. आणि जमेल तेव्हा नावं झाकून तपास. पोस्टी एका फाइलीत उतरवून फक्त रोल नंबर ठेवायचे, एवढंच. आडनावावरून आपल्याकडे काय काय वाचलं जातं ते तुला सांगायला नको. आपण तसं वाचत नाही असं प्रत्येकालाच वाटतं, म्हणून तर झाकायचं.

"इतकं सगळं वाचायला वेळ कुठून आणू?" म्हणशील. तासिकेवर मिळणाऱ्या पैशांत तर नाहीच. मग एक युक्ती सांगते, आणि या पत्रातलं एकच काही ठेवायचं म्हटलंस तर हे ठेव. सत्र संपताना प्रत्येकाकडून एक पान माग: स्वतःच्या सर्वांत चांगल्या तीन पोस्टी निवडून चिकटवायच्या, त्या का निवडल्या ते दोन-तीन ओळींत लिहायचं, आणि दुसऱ्या कुणाची तरी एक पोस्ट चिकटवून तिने आपला विचार कसा बदलला किंवा का बदलला नाही ते लिहायचं. दर आठवड्याला तू फक्त नजर फिरवायची, बारीक तपासणी या पानाची. प्रत्येक पोस्टीला तीन, म्हणजे नऊ. दहावा मार्क त्या दुसऱ्याच्या पोस्टीवरच्या टिपणाला. ज्याने सत्रभर कुणाचंच वाचलेलं नाही तो इथे उघडा पडतो. आणि आणखी एक गंमत दिसते. अनेक पानांवर एकाच मुलाची पोस्ट चिकटवलेली सापडते, आणि बहुतेक वेळा तो मुलगा फार लिहिणाऱ्यांतला नसतो. असं दिसलं की मी त्याच्या नावापुढे खूण करायची.

चॅटजीपीटीचं विचारलंस. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते आलं आणि शिक्षकांची झोप उडाली. लिखाण यंत्राचं आहे का हे ओळखून देणारी साधनं मिळतात, त्यांच्या भरवशावर कुणावर आळ घेऊ नकोस. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा परीक्षार्थींनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून अधिक निबंध या साधनांनी यंत्राचे ठरवले. आपली मुलं इंग्रजीत लिहितात तेव्हा त्याच गटात मोडतात. त्यापेक्षा पट्टीवर भरवसा ठेव. यंत्राचा गुळगुळीत उतारा बहुतेक वेळा एक मार्काचाच असतो. त्यात आजी नसते, तलाव नसतो, वरच्या पोस्टीला उत्तर नसतं. संशय आलाच तर पुढच्या तासाला सहज विचार, "तू लिहिलेला तो सीमांत उपयोगितेचा मुद्दा जरा समजावून सांग." उत्तर आलं तर प्रश्न मिटला, नाही आलं तर त्यालाही कळलं आणि तुलाही. खटला भरायचं कारण नाही.

शेवटी इंटर्नलची आपल्याकडची रीत. २० पैकी १८ सगळ्यांना, आणि जो कधी दिसलाच नाही त्याला १५. तू एकटीने कडक व्हायचं ठरवलंस तर तुझ्या वर्गाची मुलं शेजारच्या तुकडीपेक्षा खाली जातील आणि पालक प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसतील. म्हणून सत्राच्या आधी विभागात बोल. पट्टी सगळ्यांनी मिळून ठरवा आणि दहा-बारा पोस्टी तू आणि एखाद्या सहकारिणीने वेगवेगळ्या तपासून मार्क ताडून बघा. तुझे तीन आणि तिचा एक अशी तफावत निघाली तर पट्टीतला शब्द सुधारा. ठरलेलं कागदावर घेऊन विभागप्रमुखांची सही घे. तासिकेवरच्या माणसाला कागदाचाच आधार असतो.

आणि "मॅडम, मी बावीस पोस्टी टाकल्या, मला सहाच कसे?" म्हणून कुणी आला की वाद घालू नकोस. चहा प्यायला जात असशील तर चहा राहू दे, त्याला तिथेच बसव. चार नमुने आणि त्याच्याच तीन पोस्टी समोर ठेव, आणि म्हण, "तूच मार्क दे." बहुतेक जण स्वतःला तुझ्यापेक्षा कमी देतात. एखादा जास्त देतो आणि कारणही बरोबर सांगतो. तेव्हा मार्क वाढवून दे आणि वहीत तारीख टाकून लिहून ठेव. पण हे सगळं विद्यापीठाच्या पोर्टलवर मार्क चढवण्याच्या आधी. यादी मुलांना किमान आठवडाभर आधी दाखव, पोस्टींची फाइल उतरवून पेन ड्राइव्हवर ठेव, कारण पोर्टल एकदा बंद झालं की परीक्षा विभागात अर्ज, प्राचार्यांची सही आणि हेलपाटे, आणि तोवर तुझ्या नेमणुकीची मुदतही संपलेली असेल.